कासवाची ओटी

नाय, तो भाषणाचा कागद तिथंच ठेवा. हात कोलंबीचे आहेत माझे — आणि धुतलेले असते तरी मी त्याला हात लावला नसता, हे आधीच सांगते, म्हंजे तुमचा वेळ फुकट जायला नको. बसा, खुर्चीवर बसा, ओली नाय ती. रविवारी मी येणार नाय म्हंजे नाय. भावेशला फोन केलात, तो हो बोलला — तो हो बोलणारच, माझा पोरगा सगळ्या जगाला हो बोलतो. त्याला विचारून ठरवलात ना सत्कार, मग त्याचाच करा. काय? फ्लेक्स छापून झाला? बघितला ना मी. नाक्यावर रिक्षा स्टँडच्या वर लावलाय, सकाळी पाटी घेऊन जाताना बघितला. हा एवढा मोठा माझा फोटो, डोक्यावर पदर, हातात कुंकवाचा करंडा, आणि समोर ती. खाली लिहिलंय, कासवांची माय. कुणी लिहिलं ते? तुम्ही? विनीतदादा, तुम्ही शिकलेली माणसं, समोरच्या टॉवरात विसाव्या मजल्यावर राहता, कुणाला माय म्हणायच्या आधी खाली उतरून एकदा विचारायचं तरी.

राग कसला म्हणता? एक असेल तर सांगू. बंदराच्या वाटेवर मी चाळीस वर्षं सुकट वाळत घालते. तुमची सोसायटी आली आणि दुसऱ्याच महिन्यात अर्ज गेला, वास येतो म्हणून. त्या अर्जावर पहिली सही प्रमोदिनी मॅडमची — मला वाचता येतं दादा, सातवीपर्यंत शिकलेय मी, सही कुणाची ते कळतं. त्याच प्रमोदिनी मॅडम आता रविवारी मला शाल घालणार. शालीला वास लागला तर काय करणार, परत अर्ज देणार का? मग तुमची भिंत आली, आमच्या बायकांना बंदरावर जायला हा एवढा वळसा पडला. आणि नाल्यातून जे खाडीत येतं ते तर मी बोलतच नाय, तुम्ही चहा पिणार आहात. पण ते सगळं गिळलं मी. गिळलंच ना? बोलले का कधी काही? तुमच्या त्याच मॅडमना दर बुधवारी पापलेट साफ करून देते, हसून देते. तर ते कारण नाय. ते कारण असतं तर मी आले असते, शाल घेतली असती आणि घरी येऊन तुम्हाला दोन शिव्या घातल्या असत्या, संपला विषय.

त्या भाषणाच्या कागदाचं काय ते सांगा. तुम्ही भावेशच्या मोबाईलवर पाठवलेलं ना, मी काय बोलायचं ते लिहून — त्यानं वाचून दाखवलं. हिरवं कासव इतकी वर्षं धोक्यात होतं, आता जगाच्या यादीत ते धोक्याबाहेर आलंय, आणि हे कुणामुळं, तर आवडाबाईंसारख्या साध्या माणसांमुळं. असंच आहे ना? मी ऐकलं आणि माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. धोक्याबाहेर. कुणाच्या धोक्याबाहेर? अहो, ती यादी आली तेव्हा आमच्या दक्षतानंच मला सांगितलेलं, माझी नात, भावेशची मुलगी, कल्याणच्या कॉलेजात समुद्रातल्या जिवांचंच शिकली ती. रिझल्ट लागल्यासारखी नाचत आलेली. आजी, हिरवं कासव सुधारलं. जगभर माणसांनी चाळीस-पन्नास वर्षं किनाऱ्यावर अंडी राखली, जाळ्यांना निसटायच्या वाटा ठेवल्या, मरमर राबली, तेव्हा कुठं नाव त्या यादीत वर आलं. आणि पुढं लगेच बोलली, पण ही सगळ्या जगाची मिळून गोष्ट आहे, एकीकडं वाढली म्हणून दुसरीकडची राखायची सोडायची नाय, आपल्या कायद्यात ते अजून वाघाच्या रांगेत आहे. हे एवढं सगळं तिनं सांगितलं आणि तुम्ही त्यातली एक ओळ उचलून माझ्या तोंडात घातलीत. राबली कोण ती माणसं, आणि श्रेय मला. मी काय केलं? मी काय केलं ते माहिती आहे का तुम्हाला?

माहिती आहे म्हणे. ओटी भरली. हो, भरली. ती आमची जुनी रीत, माझ्या सासूची, तिच्या सासूची. कासव म्हंजे लेक. ती जन्मते वाळूत आणि सगळा जन्म समुद्रात काढते, पण अंडी घालायला परत वाळूवरच येते — मग ती किनाऱ्याची माहेरवाशीणच झाली ना. ती चुकून जाळ्यात आली तर पुरुषांनी तिला परस्पर सोडायची नाय, बंदरावर आणायची. घरच्या मोठ्या बाईनं तिला हळद-कुंकू लावायचं, खोबरेल तेलात कालवून, म्हंजे लगेच धुतलं जात नाय. नारळ, मूठभर तांदूळ, आणि ओहोटी लागली रे लागली की पाठवायची. ओहोटी तिला घरी नेते. एक भरती चुकवली तरी चालेल, ओहोटी चुकवायची नाय — माहेरवाशीण खोळंबवायची नाय, सासू मला सतरांदा सांगायची. खोळंबली की तिकडच्यांचे बोल तिला खावे लागतात. आम्ही असंच मानतो. मानायचो. दुसरं कोण करतं एवढं, सांगा ना. दुसरीकडं कापून खातात. आम्ही कुंकू लावतो. मला त्याचा केवढा अभिमान होता, दादा. केवढा.

संक्रांतीच्या आठवड्यात भावेश घेऊन आला तिला. खाडीच्या तोंडाशी डोल लावतो तो, पुरी भरती जाळं पाण्यात असतं, त्यात शिरली ती आणि अडकली. हाताला, म्हंजे तिचं पुढचं वल्ह्यासारखं असतं ना, डावीकडचं, त्याला दोरीचा काच पडलेला. मोठी होती. तिघांनी उचलून उतरवली. तुमच्या सोसायटीत त्याच दिवशी हळदीकुंकू, तर सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून, हलव्याचे दागिने घालून भिंतीपाशी आलेल्या बघायला. तुम्ही तर पार पुढं, मोबाईल धरून. अकरा मिनिटं शूटिंग केलंत, भावेशला नंतर सांगत होतात. आणि ती हलत नव्हती. मान खाली, डोळे मिटलेले. मला वाटलं दमली असेल, वाटलं शांत आहे. आम्ही शांतच म्हणतो अशीला. शांत आहे, समाधानी आहे, पाठवा.

तेव्हा दक्षता मध्ये आली. तुम्हाला आठवतं? आठवत असेलच. तिनं गुडघे टेकले आणि बोटानं त्या कासवाच्या डोळ्याच्या कडेला हलकेच हात लावला, पापणी इतकीशी हलली. मीही बघितली, खोटं कशाला बोलू. मी बघितली पापणी हललेली. ती बोलली, आजी, हिला पाण्यात घालू नको. जिवंत आहे पण शुद्धीत नाय, छातीत पाणी गेलंय. पोटावरच ठेवायची, उलटी करायची नाय, मागची बाजू जरा उंच, सावलीत, अंगावर ओलं गोणपाट, म्हंजे आत गेलेलं पाणी उतरतं. चार तास लागोत, पुरा दिवस लागो, ती आपणहून डोकं उचलेल तेव्हा सोडायची, आत्ता टाकलीस तर ती वर येऊन श्वास घेऊ शकणार नाय — कासव पाण्यात राहतं पण श्वास हवेतलाच घेतं ना आजी. इतकं सगळं तिनं मला समजावलं, हळू आवाजात, माझा मान राखून. आणि मी काय केलं?

ओहोटी लागलेली. पाणी पायाखालून चाललेलं. एवढ्या बायका बघतायत, काळ्या साड्यांतल्या, वासाचा अर्ज देणाऱ्या बायका पहिल्यांदा माझ्याकडं कौतुकानं बघतायत — हो, तेच. तेच होतं माझ्या मनात, आता लाज कसली. आणि ही काल शाळेत जाणारी पोर मला सगळ्यांसमोर सांगते की तुझी रीत चुकली. मी बोलले, कॉलेजच्या दोन दिवसांच्या कासवांच्या शिबिरात काय देव भेटला का तुला. बोलले, ज्या पोरीला अजून बोंबील धड साफ करता येत नाय ती मला कासव शिकवणार. सगळे हसले. तुम्ही पण हसलात विनीतदादा, मी ऐकलं. तिनं माझा हात धरला तर मी झटकला, जोरात, तिच्या हातातली बांगडी फुटली. नवीन भरलेली, संक्रांतीची. आणि मग मी कुंकू लावलं, नारळ ठेवला, तांदूळ टाकले, आणि माझ्या या हातांनी, दोन पुरुष मागून, मी तिला ढकललं. ती सरळ खाली गेली. एक हात नाय मारला तिनं. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

तुमच्या त्या व्हिडिओत दक्षताचा आवाज नाय. मी बघितला ना नंतर, भावेशनं दाखवला, आणि आजवर किती जणांनी बघितला ते पण सांगितलं, मला तो आकडा लक्षातही राहिला नाय. त्यावर तुम्ही गाणं टाकलंत. छान गाणं, बासरीचं. माझं कुंकू लावणं दिसतं, तिचं पाण्यात जाणं दिसतं, पोरगी माझ्या पायाशी बसून विनवतेय ते पण दिसतं — पण गाण्यात असं वाटतं की नात आजीच्या पाया पडतेय. खाली लोकांनी हात जोडलेत.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. काय चेहरा केलात, तुम्हाला कुणी सांगितलं नाय? कोण सांगणार. तुमच्या भिंतीच्या पलीकडं जिथं तुम्ही पाण्याकडं तोंड करून बाकडी लावलीत, त्याच्या खाली, चिखलात. भरतीनं आणून टाकली. फुगलेली. सकाळी मीच गेलेली बंदरावर, मलाच दिसली आधी. मी मनात म्हटलं, दुसरी कुठली असेल. कितीतरी मरतात, दुसरीच असेल. मग डावीकडचा हात बघितला, दोरीचा काच तसाच. आणि डोक्यावर जे खवले असतात ना, त्यांच्या फटीत — लाल. माझं कुंकू. तेलात कालवलेलं, टिकतं ते. माझी सासू बरोबर बोलायची, टिकतं.

मी तिथं बसून राहिले. रडले नाय. मला राग आला, खरं सांगते, पहिला राग तिचाच आला, त्या कासवाचा — की तू परत कशाला आलीस, इथंच कशाला आलीस, सगळी खाडी सोडून. मग दक्षताचा आला, की तिला आधी कसं कळलं. मग सासूचा, ती तर जाऊन वीस वर्षं झाली. सगळ्यांचा आला. जिचा यायचा तिचा शेवटी आला.

आणि मग मी मोजायला लागले. तुमच्या फ्लेक्सवर आहे ना, अकरा कासवांना जीवदान. तो आकडा मीच सांगितलेला, तुम्ही विचारलंत तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितला. अकरा कासवं, माझ्या लग्नापासून. एकेक आठवते मला. चार होत्या त्यांनी पाणी उडवलं माझ्या अंगावर, एकीनं तर नऊवारी पार भिजवलेली, आम्ही हसत घरी आलेलो. त्या गेल्या, त्या खरंच गेल्या असतील. आणि बाकीच्या? बाकीच्या शांत गेल्या. शांत, दादा. सरळ खाली. आम्ही घरी येऊन सांगायचो, काय समाधानानं गेली. ओहोटी जोरात असायची, ती त्यांना लांब घेऊन जायची, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाय. ही एक आली परत. एकच आली. म्हंजे मी — जाळ्यानं अर्धवट सोडलेलं मी पूर्ण केलं ना. कुंकू लावून. सात वेळा. नाय, मला माहिती नाय सातही तशाच होत्या का, कुणालाच माहिती नाय, पण माझी झोप उडवायला एक पुरते.

दक्षतानं मला एका शब्दानं टोचलं नाय. तिनं टोचलं असतं तर बरं झालं असतं. ती आली, चिखलात उतरली, तिनं वनखात्याच्या माणसांना फोन केला, ती माणसं घेऊन गेली. संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहिली आणि एवढंच बोलली, आजी, तो व्हिडिओ बघून आता सगळीकडं असंच करतील. तू तुझ्या तोंडानं सांग, चुकलं म्हणून. तुझं ऐकतील, माझं नाय ऐकणार. मी बोलले, मी माझ्या सासूला खोटी पाडू? आख्ख्या गावासमोर? ती आत गेली. पाच आठवडे झाले. ताट वाढते, औषध आणते, माझे पाय दुखले तर तेल गरम करून ठेवते. बोलत नाय. एका घरात दादा, ही एवढी खोली आणि ते आत स्वयंपाकघर.

आणि परवा उत्तनहून एका बाईचा फोन. ओळख ना पाळख, व्हिडिओ बघून नंबर शोधला तिनं. आनंदानं सांगते, आवडाबाई, आमच्याकडं पण एक आलेली जाळ्यात, तुमच्यासारखीच ओटी भरली, तुमच्यासारखंच ओहोटीला सोडली. मी विचारलं, हलत होती का गं? ती बोलली, नाय, शांत होती. मी फोन ठेवून दिला. तिला सांगायला हवं होतं मला. एका वाक्याचं काम होतं, पुढच्या वेळी थांब, सावलीत ठेव. नाय सांगितलं. का नाय सांगितलं? कारण ती मला माय बोलली. बघा, काय बाई आहे मी. आणि हिला तुम्ही शाल घालताय.

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. मी फक्त येणार नाय एवढंच सांगणार होते, सुकटीच्या अर्जाचं कारण देणार होते, सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं. असो. आता ऐकलंत, तर मग एक करा. तो व्हिडिओ आहे ना, त्यावरचं गाणं काढा. पोरीचा आवाज ऐकू येऊ दे लोकांना. तेवढंच टाका परत, माझं काही नको, ती काय सांगते तेवढं. डिलिट केला? मूळचा डिलिट केला. बरं. मग रविवारी माईक द्या मला. तुमचा कागद नको, मी माझं बोलते. पाच मिनिटं द्या, शाल तुमच्याकडंच ठेवा.

काय बोललात? परत बोला. शाल तेवढी घ्या, भाषण राहू दे? पाहुणे येणार आहेत, चांगल्या कार्यक्रमात कशाला? प्रमोदिनी मॅडमना वाईट वाटेल? अहो, मॅडमना वाईट वाटेल — आणि उत्तनची ती बाई उद्या अजून एक बुडवेल तिचं कुणाला वाईट वाटेल? तुमच्या त्या यादीला वाटेल? यादीत धोक्याबाहेर आहे ना ती आता, मग एक-दोन बुडाल्या तर चालतंय, असंच ना? हेतू चांगला होता म्हणता. होता. माझा हेतू एवढा चांगला होता की त्याखाली ती दबून मेली. मला समजावू नका दादा, आणि काकू काकू करू नका, पाच वर्षांत काकू पहिल्यांदा आज म्हणालात. काढा तुमचा मोबाईल, आत्ता, इथं बोलते मी. काढा ना. त्या दिवशी किती पटकन निघालेला. आज खिशातून येत नाय?

राहू दे. दक्षता. अगं दक्षता, दाराच्या मागं उभी आहेस, मला तुझी सावली दिसतेय मघापासून. ये बाहेर. तुझा मोबाईल घेऊन ये. माझं चुकलं ते मी सांगते, तू धर. हां. नाय, पदर नीट नाय करत, असू दे असाच. काय? हो, तिकडं तोंड करते, दाराकडं. आधी उत्तनच्या बाईसाठी बोलू का? बरं, तू बोलशील तसं. उठा तुम्ही, विनीतदादा. चहा नाय आता. उठा, जा, उजेडाच्या आड येताय.